ठरवून घेतलेली संध्याकाळ

गेल्या बकरी ईदला आमचा भाचा घरी आला होता. मुंबईत एका सल्लागार कंपनीत नोकरीला आहे. दस्तरख्वानावर सगळे जेवत होते आणि हा मांडीवर मोबाईल ठेवून टाइप करत होता. आपाने हटकले, तर आमच्याकडे वळून म्हणाला, "मामू, तुम्हीच समजवा अम्मीला. क्लायंटला ईद कळत नाही."

आम्ही शाळामास्तर. काय समजावणार?

या नोकरीत आता आपली बरीच मुले-मुली जात आहेत. चार-पाच जणांची टीम क्लायंटच्या ऑफिसात जाऊन बसते, त्यांच्या धंद्याचा अभ्यास करते आणि मोबदला घेऊन सल्ला देते. पगार चांगला, पण वेळेला हद्द नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापिका लेस्ली पर्लो यांनी अशा पेशांतल्या १००० जणांना विचारले, तेव्हा ९४ टक्के लोक आठवड्याला ५० तास किंवा त्याहून जास्त काम करत होते. ऑफिसबाहेर ब्लॅकबेरी फोन तपासण्यात जाणारे तास वेगळेच.

पर्लो आणि त्यांच्या सहकारी जेसिका पोर्टर यांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या बॉस्टन ऑफिसात एक प्रयोग केला. त्याचा लेख २००९ साली छापून आला. एका टीममध्ये प्रत्येकाने आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी घ्यायचीच, अशी सक्ती केली. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून दिली. सहानंतर काम नाही, ईमेल नाही, फोनकडे बघायचेही नाही.

गंमत अशी की लोक खूश होण्याऐवजी घाबरले. आपण आळशी ठरू, काम शनिवार-रविवारवर साचेल, ही धास्ती. पण आपली संध्याकाळ मोकळी ठेवायची तर हातातले काम दुसऱ्याला समजावून द्यावे लागते. त्यासाठी एकमेकांशी बोलणे आले. दर आठवड्याला टीम एकत्र बसे. तुम्हाला कसे वाटते आहे? शिकायला मिळते आहे का? क्लायंटला आपला उपयोग होतो आहे का? असे साधे प्रश्न. ज्या ऑफिसात थकलो म्हणणेही कमीपणाचे, तिथे वरिष्ठांसमोर हे बोलले जाऊ लागले. पाच महिन्यांनी या टीममधले लोक इतरांपेक्षा नोकरीवर जास्त समाधानी दिसले. आम्हाला विचाराल तर सुट्टीपेक्षा ही बैठकच मोठी. एकट्याने रात्री फोन बंद केला तर तो कामचुकार. सगळ्यांनी मिळून ठरवले तर तो टीमचा नियम.

हल्ली या कंपन्यांत 'अ‍ॅजाइल' हा शब्द फार चालतो. २००१ साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात १७ सॉफ्टवेअर जाणकारांनी त्याचा जाहीरनामा लिहिला. त्याच्या तत्त्वांत स्पष्ट आहे की कामाचा वेग कायम झेपेल असाच हवा, आणि टीमने ठरावीक काळाने थांबून आपल्या पद्धतीकडे बघावे. पुष्कळ साहेब लोक त्यातला 'वेग' तेवढा उचलतात.

हे सगळे आम्ही भाच्याला फोनवर सांगितले. त्याने टीममध्ये विषय काढला. आता गुरुवारची संध्याकाळ त्याची आहे. दोन गुरुवार मिळाले. तिसऱ्या गुरुवारी रात्री नऊला साहेबांचाच फोन आला. सोमवारच्या बैठकीत त्याने ते सर्वांसमोर सांगितले.

"मग साहेब काय म्हणाले?" आम्ही विचारले.

"काही नाही, मामू. वहीत लिहून घेतले."