मीटरवर साठ दिसले पाहिजेत

गळीत हंगामाचा चौथा दिवस. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात केन कॅरिअरच्या ड्राइव्हचे आकडे कंट्रोल रूमच्या पडद्यावरून मधूनच नाहीसे होत, दोन-चार सेकंदांनी परत येत. कॅरिअरचा वेग वाढवला की हमखास. बाहेर यार्डात उसाच्या बैलगाड्या खोळंबलेल्या.

मी बॉड रेट पाहिला, पॅरिटी पाहिली, प्रत्येक ड्राइव्हचा पत्ता ताडून पाहिला. सगळं बरोबर. ड्राइव्हचे निरोप नेणाऱ्या ए आणि बी या तारांची अदलाबदलही नव्हती. तशी ती नेहमी होते, कारण एका कंपनीचा ए तो दुसरीचा बी असतो. पण मग तो ड्राइव्ह मुळीच बोलत नाही, असा अडखळत नाही.

पहाटे वाफ उतरली, मिल थांबली. कारखान्याचे जुने वायरमन, सगळे त्यांना मामा म्हणत, मला म्हणाले, "साहेब, लॅपटॉप राहू द्या. पॅनेल बंद करून तारेवर मीटर लावा."

लावला. चाळीसच्या आसपास ओहम!

ए-बी तारांची ही आरएस-४८५ची लाइन एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर अशी माळेसारखी जाते. उघड्या टोकावर आदळून सिग्नल मागे फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर असतो. दोन रेझिस्टर समांतर, म्हणजे साठ. लांब केबलचा रोध धरून थोडे वर. चाळीस म्हणजे तीन रेझिस्टर. तिसऱ्याच्या ओझ्याने सिग्नल दबतो. ए-बीमधला फरक २०० मिलिव्होल्टच्या वर असेल तरच समोरच्याला एक की शून्य हे खात्रीने कळतं. त्यात ड्राइव्हचा गोंगाट मिसळला की निरोप फाटतो.

"मागच्या साली लाइन स्प्रे पाँडपर्यंत वाढवली," मामा आठवून म्हणाले. "त्याआधी इंजेक्शन पंपाचा ड्राइव्ह शेवटचा होता."

आम्ही बॅटरी घेऊन पंपहाउसला गेलो. ड्राइव्हचं झाकण काढलं. आतला टर्मिनेशनचा बारीकसा पांढरा स्विच अजून चालूच होता. मामांनी तो नखाने खाली केला. मीटरवर त्रेसष्ट आले. त्या हंगामात कॅरिअरचे आकडे पुन्हा गेले नाहीत.

लाइन वाढवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: नव्या टोकाला रेझिस्टर लावाल त्याच दिवशी जुन्या टोकाचा स्विच बंद करा, आणि मीटरचं रीडिंग तारीख घालून पॅनेलच्या दारावर आतून लिहून ठेवा.