डाग निघतो, पण झिजतं काय?

स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड रोज समोर असतो, म्हणूनच तो दिसेनासा होतो. कणकेच्या, तेलाच्या हातांनी वर्षानुवर्षं बटणं दाबली जातात, पांढरा बोर्ड हळूहळू तपकिरी होतो आणि डोळ्यांना तोच रंग त्याचा मूळ रंग वाटू लागतो. गेल्या महिन्यात मी बाजारातून एक पांढरी वडी आणली. हाताला पावासारखी मऊ, वजनाला जवळजवळ काहीच नाही. मेन स्विच बंद केला, वडी भिजवून घट्ट पिळली आणि बोर्डावरून चार वेळा फिरवली. साबण नाही, सोडा नाही, कसला वासही नाही. बोर्ड पांढरा झाला आणि वडी काळी.

‘मॅजिक स्पंज’ या नावानं ही वडी आता किराणा दुकानांतही मिळते. ती सगळे डाग काढते, असं वेष्टनावर लिहिलेलं असतं. ते खरं आहे का, हे मला पाहायचं होतं. म्हणून तीन आठवडे मी घरातले बारा वेगवेगळे डाग या वडीनं घासून पाहिले आणि प्रत्येकाची वहीत नोंद केली. काही डाग क्षणात गेले, काही जागचे हलले नाहीत आणि दोन-तीन ठिकाणी डागाबरोबर वस्तूचंही नुकसान झालं. हे असं का होतं, हे समजून घेतलं तर ही वडी मोठ्या कामाची आहे. न समजता वापरली, तर ती घरातल्या चांगल्या वस्तू खराब करू शकते.

वडी कशाची बनते?

हा स्पंज मेलामाइन रेझिनचा फेस आहे. मेलामाइन हे नायट्रोजननं भरलेलं संयुग; जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी ते 1834 मध्ये प्रथम तयार केलं. त्याची फॉर्माल्डिहाइडशी सांगड घालून कठीण, न वितळणारं रेझिन करण्याची विद्या 1930च्या दशकात आली. हे रेझिन आपल्या घरात केव्हाच येऊन बसलं आहे. लग्नात आहेर म्हणून येणारे, चिनी मातीसारखे दिसणारे पण पडले तरी सहसा न फुटणारे डिनर सेट मेलामाइनचेच. कपाटाच्या दारावरच्या सनमायक्याचा सर्वांत वरचा चकचकीत थरही मेलामाइन रेझिनचाच.

या रेझिनचा फेस करून तो सुकवला, की हलका आणि उष्णता सोसणारा पदार्थ तयार होतो. जर्मनीची बीएएसएफ कंपनी तो ‘बासोटेक्ट’ नावानं विकते. त्याचं मूळ काम स्वच्छतेचं नव्हतंच. आवाज शोषायला आणि उष्णता अडवायला तो भिंतींत, छतांत बसवतात. ओल्या फेसानं डाग निघतात, हे 1990च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये लक्षात आलं आणि तिथं त्याच्या वड्या घरगुती सफाईसाठी विकल्या जाऊ लागल्या. 2003 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलनं अमेरिकेत ‘मॅजिक इरेझर’ आणला आणि तिथून ही वडी जगभर पोहोचली.

माझी वडी 10 सेंटिमीटर लांब, 6 सेंटिमीटर रुंद आणि 2 सेंटिमीटर जाड होती. छोट्या डिजिटल काट्यावर तिचं वजन भरलं 1.2 ग्रॅम. एवढ्याच जागेत पाणी भरलं असतं, तर ते 120 ग्रॅम भरलं असतं. म्हणजे वडीत 99 टक्क्यांहून अधिक हवाच आहे. उरलेला अगदी थोडा भाग म्हणजे रेझिनच्या अतिबारीक काड्यांचं एकमेकींत गुंतलेलं जाळं.

सहाण आणि खोड

ही वडी काम कशी करते, ते कळायला देवघरातली सहाण आठवावी. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून चंदनाचं खोड फिरवलं, की खोड झिजतं आणि त्याचं गंध होतं. इथे वडी म्हणजे खोड. हाताला ती मऊ लागते, कारण आपण दाबतो ती आतली हवा. पण तिच्या काड्या कठीण आणि ठिसूळ असतात. ओली वडी बोर्डावर फिरली, की या हजारो काड्या मळाच्या थराला खरवडतात, खरवडताना स्वतः मोडतात आणि सुटलेला मळ वडीच्या पोकळ्यांत जाऊन बसतो. पाणी घर्षण सुसह्य करतं आणि सुटलेला मळ वाहून नेतं.

म्हणजे ही वडी डाग विरघळवत नाही, खरवडून काढते. आपल्याकडे पितळी भांडी राखेनं घासत, त्या राखेतले बारीक कण हेच काम करत. नारळाची शेंडी, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, बारीक वाळू यांचाही मार्ग हाच. नव्या वडीचं वेगळेपण तिच्या बारीकपणात आहे: राखेचा कण जिथे पोहोचत नाही, त्या खडबडीत प्लास्टिकच्या खाचांतही तिच्या काड्या शिरतात. जिथे खरवडणं चालतं तिथे ती उत्तम. जिथे खरवडून उपयोग नाही किंवा खरवडणं घातक आहे, तिथे ती नको.

जिथे वडी कामी आली

माझ्या वहीतले सहा डाग पूर्ण निघाले. स्विचबोर्ड, फ्रिजच्या हँडलवरचा चिकट मळ, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीचे राखाडी झालेले हात, शाळेच्या बुटांच्या रबरी कडा, न्हाणीघरातल्या टाइल्सवर साबणाचा बसलेला थर आणि चिनी मातीच्या कपातली चहाची तपकिरी वर्तुळं. या सगळ्यांत एक साम्य आहे: डाग वस्तूच्या वर बसलेला होता आणि खालचा पृष्ठभाग घट्ट, न शोषणारा होता. चहाच्या कपाबद्दल मात्र सांगायला हवं, की हेच काम चिमूटभर खायच्या सोड्यानंही होतं. खाण्यापिण्याच्या भांड्यांना शक्यतो सोडाच वापरावा. वडी वापरलीच, तर भांडं नंतर साबणानं नीट धुवावं.

जिथे डाग हलला नाही

मिक्सरच्या भांड्याचं प्लास्टिकचं झाकण हळदीनं पिवळं झालं होतं. वडीचा एक कोपरा झिजून गेला, पिवळेपणा तसाच राहिला. कारण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं आणि फोडणीच्या तेलाबरोबर प्लास्टिकच्या आत मुरतं. डाग आत गेला, की वरून खरवडून काय होणार? हळदीचा डाग साबणानं धुताना लाल होतो, तेव्हा अनेकजणी घाबरतात. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्क लागलं की कर्क्युमिनचा रंग लालसर होतो. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात, ते याच गुणावर. हा डाग घालवायला सर्वांत चांगलं साधन म्हणजे ऊन. प्रकाशानं कर्क्युमिनचा रेणू मोडतो. झाकण मी दोन दुपारी गॅलरीत उन्हात ठेवलं आणि पिवळेपणा जवळजवळ गेला. हळद पडलेल्या सुती कपड्यालाही हाच उपाय.

न्हाणीघरातल्या नळावरचे पांढरे डाग वडीनं अर्धेच निघाले. बोअरवेलच्या जड पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट तिथे दगडासारखं घट्ट बसतं. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवलं, क्षार सुटले आणि मग नुसत्या कापडानं नळ चमकला. या कामाला आम्ल हवं. बादलीच्या कडीनं फरशीवर पडलेला गंजाचा डागही वडीला दाद देत नाही. सिरॅमिकच्या फरशीवर त्याला लिंबू लागतं.

पण हेच लिंबू कडाप्प्यावर किंवा शहाबादी फरशीवर टाकू नये. हे दोन्ही दगड चुनखडीचे. त्यांच्यावर लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर सांडलं, की आम्ल दगडच खातं आणि फिका, खरखरीत ठसा उरतो. आमच्या मागच्या ओट्यावर असा एक ठसा आहे. मी तो डाग समजून बराच वेळ घासला. तो डाग नव्हताच, दगडाची जखम होती. ग्रॅनाइट आम्लाला बराच सोसतो. चुनखडीचा दगड आणि संगमरवर सोसत नाहीत.

आणखी एक गोष्ट जिवाची आहे. ब्लीच आणि आम्ल, मग ते व्हिनेगर असो की संडास धुण्याचं ॲसिड, कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

जिथे वस्तूचं नुकसान झालं

आतल्या खोलीत डिस्टेंपर लावलेल्या भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. मी घासायला लागले. घरकामाला येणाऱ्या मावशी बाजूलाच फरशी पुसत होत्या. त्या म्हणाल्या, “ताई, थांबा. वडीला भिंतीचा रंग येतोय.” खरंच, वडी निळसर झाली होती. डिस्टेंपरमध्ये खडूचा भाग मोठा असतो आणि तो भिंतीवर हलका धरून असतो. रेघा गेल्या आणि त्यांच्याबरोबर रंगही गेला. बाहेरच्या खोलीत प्लास्टिक इमल्शन आहे. तिथले क्रेयॉनचे डाग निघाले, रंग टिकला, पण मॅट फिनिश असल्यानं घासलेली जागा चमकू लागली. तिरप्या उन्हात ती आजही वेगळी दिसते.

सर्वांत वाईट झालं ते कपाटाच्या दाराचं. चकचकीत सनमायक्यावर चिकटपट्टीचा डिंक होता. मी जोर देऊन घासलं. डिंक निघाला आणि तळहाताएवढा भाग कायमचा निस्तेज झाला. वरचा थर मेलामाइन रेझिनचा आणि घासणाऱ्या काड्याही मेलामाइन रेझिनच्याच. कठीण वस्तू तितक्याच कठीण वस्तूवर घासली, की दोन्ही झिजतात. तेलाचा एक थेंब लावून अर्धा तास ठेवला असता, तर तो डिंक बोटानं सुटला असता.

म्हणून चकचकीत लाकूड, नॉनस्टिक तवा, चष्म्याच्या काचा, मोबाइलचा पडदा, गाडीचा रंग आणि लॅकर लावलेलं पितळ यांना ही वडी लावू नये. माणसाच्या कातडीला तर कधीच नाही. मुलाच्या हाता-तोंडावरचा रंग काढायला ती वापरली, तर कातडी सोलवटते आणि भाजल्यासारखी आग होते. मुलांच्या हाती ती खेळायला देऊ नये.

झिजलेलं जातं कुठे?

तीन आठवड्यांनी उरलेली वडी वाळवून पुन्हा काट्यावर ठेवली: 0.7 ग्रॅम. अर्धा ग्रॅम गेला होता. काही फडक्याला लागला, बहुतेक बेसिनमधून वाहून गेला. अर्धा ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण 2024 मध्ये ‘एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या स्पंजचा एक ग्रॅम झिजला, की साधारण 65 लाख सूक्ष्म प्लास्टिक तंतू बाहेर पडतात. त्या हिशेबानं माझ्या अर्ध्या ग्रॅमचे 32 लाखांहून अधिक होतात. चंदन झिजून गंध होतं आणि मातीत मिसळून जातं. मेलामाइन तसं मिसळत नाही. ते गटारातून नदीत आणि नदीतून समुद्रात तसंच पोहोचू शकतं.

त्याच संशोधनात असंही दिसलं, की जास्त घट्ट विणीचा फेस सावकाश झिजतो आणि कमी तंतू सोडतो. म्हणून वडी घ्यायचीच तर दाबून पाहावी आणि घट्ट असलेली घ्यावी. आता मी तिचे सुपारीएवढे तुकडे करून ठेवते आणि एका डागाला एकच तुकडा घेते. घासून झालं, की ती जागा आधी जुन्या सुती कापडानं पुसून घेते. नळाखाली धार सोडून धुवत नाही, म्हणजे सुटलेला चुरा निदान बराचसा कापडावर राहतो. झिजलेला तुकडा सुक्या कचऱ्यात टाकते.

घासण्याआधी तीन प्रश्न

या बारा डागांनी मला तीन प्रश्न शिकवले. पहिला, डाग वस्तूच्या वर आहे की आत मुरला आहे? वर असेल तरच वडी घ्यावी. आत असेल, तर ऊन, सोडा, तेल किंवा आम्ल यांतलं योग्य ते. दुसरा, खालचा पृष्ठभाग थोडा झिजला तर चालेल का? कपाटामागच्या, सोफ्याखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी हलक्या हातानं घासून पाहावं. वाळल्यावर जागा निस्तेज झाली किंवा चमकली, तर तिथेच थांबावं. तिसरा, हे काम ओल्या फडक्यानं होण्यासारखं आहे का? माझ्या सहा यशस्वी डागांपैकी दोन तरी साबणाच्या फडक्यानं निघाले असते. ते मी नंतर दुसऱ्या बुटावर आणि दुसऱ्या खुर्चीवर पडताळून पाहिलं.

आमच्या देवघरातली सहाण आजेसासूबाईंच्या वेळची आहे. तिच्या मधोमध बोट फिरवलं, की खोलगटपणा लागतो. चंदनासारखं मऊ खोड, चार थेंब पाणी आणि सकाळची दोन मिनिटं, एवढ्यानंही दगड झिजला. पण त्याला तीन पिढ्या लागल्या. कपाटाच्या दारावरचा निस्तेज ठसा एका दुपारचा आहे. डाग काढताना काहीतरी झिजणारच. ते काय असावं आणि किती असावं, हे हात चालवण्याआधी ठरवता येतं. त्या दारासमोरून जाताना मला रोज तेवढं आठवतं.