बॅकलिंक विकत घेण्याआधी हे तपासा

'थोड्या पैशांत एक हजार बॅकलिंक, महिन्याभरात गुगलवर पहिला नंबर!' स्वतःचं संकेतस्थळ असेल, तर असा निरोप तुमच्या मोबाइलवर कधी ना कधी येतोच. तुम्ही दिवाळीचा फराळ विकत असा, शिकवण्या घेत असा किंवा सहली काढत असा, पैसे मोजण्याआधी या हजार लिंकची खरी किंमत काय, ते पाहा.

लिंक म्हणजे साक्ष

दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून तुमच्याकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगल सुरू केलं, ते याच कल्पनेच्या आधारावर. अनेक चांगली पानं ज्या पानाकडे बोट दाखवतात ते पान महत्त्वाचं, असं त्यांचं गणित होतं. आज गुगल इतरही बऱ्याच गोष्टी पाहतं, पण लिंकला अजून वजन आहे. शेजारच्या काकूंनी स्वतःच्या अनुभवावरून सुचवलेला डॉक्टर आणि पैसे देऊन उभे केलेले दहा साक्षीदार, यांत जो फरक तोच इथेही असतो.

एक उदाहरण घेऊ

तमिळनाडूत कुंभकोणमपासून साधारण २० किलोमीटरवर तिरुक्करुगावूर हे गाव आहे. इथली देवी गर्भरक्षांबिका. मूल व्हावं, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून दूरदूरची जोडपी इथे येतात. प्रसाद म्हणून तूप आणि एरंडेल दिलं जातं. निघण्याआधी घरात मोबाइलवर शोधाशोध होते. जायचं कसं, मंदिर कधी उघडतं, राहायचं कुठे, प्रसाद कसा मिळतो?

समजा, तुम्ही पुण्याहून कुंभकोणम-तंजावरच्या सहली नेता आणि ही जोडपी तुमच्या पानावर यावीत अशी तुमची इच्छा आहे. त्यासाठी चार मार्ग समोर येतात.

घाऊक लिंक: जुगार, कर्ज, औषधं अशा कशाचाही संबंध नसलेल्या पानांवर तुमचं नाव चिकटवलं जातं. क्रमांक वाढवण्यासाठी लिंक विकत घेणं गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. २०११ मध्ये जे. सी. पेनी या बड्या अमेरिकी कंपनीच्या अशा हजारो लिंक 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केल्या. गुगलने कारवाई केली आणि प्रवासी बॅगांच्या एका शोधात ही कंपनी काही तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१व्यावर गेली. एप्रिल २०१२ पासून 'पेंग्विन' नावाच्या बदलामुळे अशा लिंक पकडणं गुगलला आणखी सोपं झालं. आता बहुतेक वेळा त्या मोजल्याच जात नाहीत. म्हणजे पैसे गेले आणि हाती काहीच आलं नाही.

अदलाबदल: 'तू माझी दे, मी तुझी देतो.' कुंभकोणममधल्या ज्या निवासात तुमचे प्रवासी खरंच उतरतात, त्याच्याशी अशी देवाणघेवाण स्वाभाविक आहे. पन्नास अनोळखी लोकांशी केली, तर तो बनाव ठरतो.

पाहुणा लेख: दुसऱ्याच्या प्रवासविषयक संकेतस्थळावर तुम्ही लेख लिहिता. लेखात वाचकाला उपयोगी माहिती असेल तर उत्तम. पैसे देऊन छापून आणला असेल, तर त्यातल्या लिंकवर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' ही खूण हवी. 'नोफॉलो' २००५ पासून आहे, 'स्पॉन्सर्ड' २०१९ मध्ये आली.

कमावलेली लिंक: हा मार्ग सर्वांत सावकाश, पण टिकाऊ. तिरुक्करुगावूरला जायला विमानतळ तिरुचिरापल्लीचा, रेल्वेस्थानकं पापनाशम आणि कुंभकोणमची, हे मराठीत नीट लिहा. वयस्कर माणसांना किती चालावं लागतं, स्वतः पाहून सांगा. सोबत तंजावरची मराठी ओळखही द्या. इथे १६७६ ते १८५५ मराठ्यांचं राज्य होतं, सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आहेत, बृहदीश्वर मंदिरात भला मोठा मराठी शिलालेख आहे. असं पान एखादी शिक्षिका, एखादं महाराष्ट्र मंडळ किंवा प्रवासलेखक आपणहून इतरांना पाठवतो.

पाच प्रश्न विचारा

कोणतीही लिंक घेण्याआधी स्वतःला विचारा:

१. गुगल नसतं, तरी ही लिंक मला हवी असती का?

२. त्या पानाचा माझ्या विषयाशी संबंध आहे का?

३. तिथून खरा माणूस माझ्याकडे येईल का?

४. सगळ्या लिंकवर 'स्वस्त कुंभकोणम सहल' असे एकाच साच्याचे शब्द तर नाहीत?

५. एकूण संकेतस्थळं किती? एकाच संकेतस्थळाच्या पाचशे पानांच्या तळाशी तुमचं नाव असेल, तर ते पाचशे साक्षीदार होत नाहीत.

गुगलच्या 'सर्च कन्सोल'मध्ये तुमच्याकडे कोण लिंक देतं, ते फुकट पाहता येतं. कारवाई झाली असेल तर तेही तिथेच कळतं. तीन-चार महिन्यांनी पुन्हा पाहा. लिंक किती झाल्या यापेक्षा तिथून किती जण आले आणि त्यांतल्या कितींनी फोन केला, याची नोंद ठेवा. कुणी ओळख न देता 'हमखास पहिला नंबर' म्हणालं, तर कोणकोणत्या संकेतस्थळांवर लिंक देणार, त्याची यादी आधी मागा. यादी मिळाली नाही, तर नकार द्यायला तेवढं कारण पुरेसं आहे.

यात प्रश्न फक्त तुमच्या पैशांचा नाही. तिरुक्करुगावूरचा रस्ता शोधणारं जोडपं बरीच वर्षं वाट पाहून थकलेलं असू शकतं. विकत घेतलेल्या साक्षींच्या जोरावर चुकीच्या वेळा किंवा प्रसादाचे फुगवलेले दर सांगणारं पान वर आलं, तर फसगत त्यांची होते. म्हणून शोधणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. यादीत सर्वांत वर दिसतं ते खरंच असेल असं नाही. पैसे पाठवण्याआधी मंदिराच्या कार्यालयाला फोन करून खात्री करून घ्या.