भावंडें किती?

(नभोवाणीवरील भाषण)



शाळामास्तराला नित्याचे म्हणून जे प्रश्न विचारावे लागतात, त्यांतला एक असा : "तुला भावंडें किती?" वर्षारंभीं नव्या वर्गाची माहिती लिहून घेतांना मीं तो शेंकडों मुलांना विचारला असेल. मूल बोटांवर मोजी, आंकडा सांगे, आणि मी तो रकान्यांत लिहून पुढच्या नांवाकडे वळें. एके वर्षीं, येथें नागपुरांतच, पांचवीच्या वर्गांतील एका मुलानें "एक बहीण" असें उत्तर दिलें. मीं एकाचा आंकडा मांडला. तोंच शेजारचा मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, ती वारली. उन्हाळ्याच्या आधींच." मीं लिहिलेला आंकडा खोडला आणि त्या जागीं शून्य मांडलें. टेबलाशीं उभ्या असलेल्या त्या मुलानें तें पाहिलें. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून मीं म्हटलें, "तूं आतां मोठा. आईला सांभाळायचें. रडायचें नाहीं." मला वाटलें, मीं त्याचें सांत्वन केलें.

त्या एका मिनिटांत माझ्या हातून दोन चुका झाल्या, हें कळावयास मला कांहीं महिने लागले; आणि तें मला शिकविलें तें मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांनीं. आजचा विषय तोच आहे. ज्या घरांतलें एक भावंड गेलें, त्या घरांत मागें राहिलेल्या मुलाला गोष्टीचें पुस्तक काय देऊं शकतें, आणि तें पुस्तक कसें असावें, याविषयीं मी आपणांशीं थोडें बोलणार आहें.

घरांत मूल दगावलें म्हणजे समाचाराला येणारा प्रत्येक जण आईबापांजवळ बसतो. तें योग्यच आहे. पण दाराआड उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. त्याचा खेळगडी गेलेला असतो, भांडणाचा जोडीदार गेलेला असतो, रात्रीं अंथरुणांत शेजारीं असणारें माणूस गेलेलें असतें. आणि दुःखांत बुडालेले आईबापही कांहीं काळ त्याला दुरावलेले असतात. त्याला कोणी शेजारीं जेवावयास पाठवितें, कोणी मामाच्या गांवीं नेऊन ठेवतें. बहीण कुठें आहे असें त्यानें विचारलेंच, तर "गांवाला गेली", "झोंपली आहे", अशीं उत्तरें मिळतात. हेतु दयेचा असतो, पण मूल तें शब्दशः घेतें. गांवाला गेली म्हटल्यावर तें वाट पाहूं लागतें, आणि झोंपली म्हटल्यावर त्याला स्वतःच्या झोंपेचें भय वाटूं लागतें.

मुलांना मृत्यु कसा समजतो, याचा अभ्यास शास्त्रज्ञांनीं केला आहे. हंगेरींतील एका संशोधिकेनें तीन ते दहा वर्षांच्या मुलांशीं बोलून काढलेले निष्कर्ष १९४८ सालीं प्रसिद्ध झाले. पांच वर्षांच्या आंतील मुलाला मरण म्हणजे एक प्रकारचा प्रवास किंवा निद्रा वाटते. त्याहून थोड्या मोठ्या मुलाला तो कोणी येऊन माणसाला नेणारा इसम वाटतो. आणि नवव्या वर्षाच्या सुमारास मरण सर्वांना येतें व तें टळत नाहीं, हें त्याला उमगतें. पुढील संशोधकांनीं या वयोमर्यादा बऱ्याच अलीकडे आणल्या. पण त्या सर्वांत पालकांच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. लहान मुलाला आपल्या मनांतला राग आणि जगांतली घटना यांच्यामधलें अंतर नीट कळत नाहीं. रागाच्या भरांत तें भावंडाला "मर" म्हणतें. आणि दैवयोगानें तें भावंड पुढें खरोखरीच गेलें, तर तें आपल्यामुळें गेलें असें त्याला वाटतें. हें तें कोणालाही सांगत नाहीं. सांगणार कोणाला? ज्यांना सांगावयाचें, त्यांचेंच तें मूल आपण घालविलें, अशी त्याची समजूत असते.

आतां पुस्तकांकडे वळूं. इंग्रजी कवि वर्ड्स्वर्थ याची 'वुई आर सेव्हन' ही १७९८ सालची कविता आपल्यापैकीं पुष्कळांनीं शाळेंत वाचली असेल. एक वाटसरू आठ वर्षांच्या खेडवळ मुलीला भावंडें किती तें विचारतो. ती सांगते, आम्ही सात. त्यांतलीं दोघें तर घराजवळच्या दफनभूमींत आहेत! वाटसरू तिला वजाबाकी शिकवूं पाहतो. दोन गेले, मग पांच उरले. मुलगी ऐकत नाहीं. ती त्या थडग्यांपाशीं बसून विणकाम करते, संध्याकाळचें जेवण तेथेंच जेवते. तिच्या हिशेबीं तीं दोघें घरचींच आहेत. कवितेच्या शेवटीं वाटसरू थकतो, मुलगी थकत नाहीं. ही कविता मीं वर्गाला कितीदां तरी समजावून दिली होती. आणि तरीहि हजेरीपुस्तकांत शून्य मांडणारा वाटसरू मीच होतों.

आपल्या भाषेंत या विषयाचें पुस्तक शोधावयाचें झाल्यास तें घरोघर आहे, फक्त त्याकडे आपण या दृष्टीनें पाहत नाहीं. सानेगुरुजींनीं १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिलें आणि १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. आपण त्याला मातृप्रेमाचें पुस्तक म्हणतों व तसें तें आहेच. पण त्याच्या बेचाळीस रात्रींपैकीं चौथी रात्र 'पुण्यात्मा यशवंत' या नांवाची आहे, आणि ती श्यामच्या लहानपणींच वारलेल्या धाकट्या भावाची आहे. श्याम मोठा झाला आहे, आश्रमांत मित्रांना गोष्टी सांगत आहे. मध्यें कितीतरी वर्षें लोटलीं आहेत. तरी आईची कथा सांगावयास बसल्यावर चौथ्याच रात्रीं त्याला यशवंत आठवतो. म्हणजे श्यामनेंही भावाला मोजणींतून काढलेलें नाहीं.

त्या वर्षीं शनिवारच्या शेवटच्या तासाला मी वर्गाला हेंच पुस्तक वाचून दाखवीत असें. यशवंताचें प्रकरण आलें तेव्हां तें गाळावें कीं काय असा विचार माझ्या मनांत आला, कारण तो मुलगा समोर बसला होता. पण पुढच्या पानांकडे मुलांचे डोळे लागलेले, मीं वाचलें. घंटा झाल्यावर सगळीं मुलें गेलीं, तो मागें राहिला. म्हणाला, "गुरुजी, श्याम आणि यशवंत भांडत होते का?" मीं म्हटलें, "भावंडें भांडतातच." थोडा वेळ थांबून त्यानें विचारलें, "पण यशवंत श्याममुळें नाहीं ना मेला?" मग त्यानें सांगितलें, तें असें. संक्रांतीच्या दिवशीं गच्चीवर तो पतंग उडवीत होता. बहिणीला चक्री धरावयाची होती. तिनें चक्री ओढली, मांजाचा गुंता झाला, पतंग कटला. त्यानें तिला "मर तूं" म्हटलें होतें. पुढें दीड महिन्यानें ती तापानें गेली.

पांच-सहा महिने तो मुलगा हें एकटा वाहत होता, आणि त्यावर मीं "आईला सांभाळ" हें ओझें ठेवलें होतें. मीं त्याला एवढेंच सांगितलें कीं, ताप शब्दानें येत नाहीं आणि शब्दानें जातही नाहीं. तसें असतें तर तुझ्या आईच्या प्रार्थनेनें तुझी बहीण कधींच बरी झाली असती. तो तेव्हां रडला. मीं या वेळीं त्याला थांबविलें नाहीं.

या प्रसंगानें मला एक शंकाही दिली, ती सानेगुरुजींविषयीं पूर्ण आदर ठेवून सांगतों. गेलेलें मूल आपण नेहमीं पुण्यात्मा करून ठेवतों. तें शहाणें होतें, तें हट्ट करीत नसे, देवाला आवडलें म्हणून गेलें. हें ऐकणाऱ्या दुसऱ्या मुलाच्या मनांत काय येत असेल? जो चांगला तो गेला आणि जो भांडखोर तो राहिला, असेंच ना? श्याम स्वतःचे दोष लपवीत नाहीं, हें त्या पुस्तकाचें मोठेपण होय. आणि त्याच पुस्तकांत पुढें हाच श्याम दापोलीस शिकत असतां वडिलांनीं खाऊला दिलेले पैसे सांठवून धाकट्या भावासाठीं नवा कोट शिवून घरीं नेतो. यशवंताची गोष्ट वाचल्यावर कोटाची गोष्टही मुलाला जरूर वाचून दाखवावी. गेलेल्या भावासाठीं कांहीं करतां येत नसलें, तरी प्रेम करणारे हात रिकामे राहत नाहींत, हें तिच्यावरून त्याला न सांगतां समजतें.

भांडण आणि प्रेम एकत्र दाखविणारें दुसरें पुस्तक म्हणजे लुईझा ऑल्कॉट या अमेरिकन लेखिकेची कादंबरी 'लिट्ल विमेन'. तिचे दोन भाग १८६८ व १८६९ सालीं निघाले. मराठींत ती 'चौघीजणी' या नांवानें शांता शेळके यांनीं आणली. शांताबाईंनीं आपल्या नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयांत अध्यापन केलें होतें, हें येथील श्रोत्यांना आवर्जून सांगावेंसें वाटतें. लेखिकेची स्वतःची बहीण एलिझाबेथ १८५८ सालीं अवघ्या बाविसाव्या वर्षीं वारली. एका गरीब कुटुंबाच्या शुश्रूषेंतून घरांत आलेल्या लोहितज्वरानें तिची प्रकृति खचली होती. तीच कादंबरींतली बेथ.

या कादंबरींतील ज्यो ही दुसरी बहीण रागीट आहे. धाकटी ॲमी तिच्या गोष्टींचें हस्तलिखित जाळून टाकते. ज्यो तिला क्षमा करीत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं नदीवरचें बर्फ पातळ आहे हें ठाऊक असूनही तिला सावध करीत नाहीं. ॲमी पाण्यांत पडते, थोडक्यांत वांचते. माझ्या विद्यार्थ्याच्या मनांतली भीति ती हीच! त्या रात्रीं ज्योची आई तिला शिक्षा करीत नाहीं; मलाही असाच राग येतो आणि मी तो आजही आवरतें आहें, असें ती आपल्या मुलीला सांगते. पुढें दुसऱ्या भागांत बेथ खरोखर मरते. मरण्यापूर्वी खिडकीशीं बसून ती रस्त्यानें जाणाऱ्या शाळकरी मुलांसाठीं लहानसहान वस्तु शिवते, तोंपर्यंत, कीं जोंपर्यंत सुई तिच्या हाताला जड होत नाहीं. तिच्या पश्चात् ज्यो एकदम शांत होत नाहीं. ती रडते, कंटाळते, चिडते. मग बेथचीं घरकामें करतां करतां बेथचींच गाणीं आपण गुणगुणत आहों, हें तिच्या ध्यानांत येतें. आणि कांहीं काळानें आईच्या सांगण्यावरून ती पुन्हा लिहूं लागते.

तिसरें उदाहरण बंगालचें. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'पथेर पांचाली' १९२९ सालीं पुस्तकरूपानें निघाली. तिची मुलांसाठीं संक्षिप्त आवृत्तीही पुढें झाली, आणि १९५५ सालीं सत्यजित राय यांनीं तिच्यावर चित्रपट काढला. चित्रपटांत शेजारणीच्या घरची माळ दुर्गेनें चोरली असा आळ असतो, ती तो नाकारते. दुर्गा मरते. घर सोडून जाण्याच्या वेळीं अपूला तीच माळ फळीवरच्या एका करवंटींत सांपडते. तो कोणाला कांहीं बोलत नाहीं. माळ तळ्यांत फेंकून देतो, आणि पाण्यावरचें शेवाळ पुन्हा मिटतें. बहिणीनें चोरी केली होती हें त्याला कळलें, आणि तरी ती त्याची बहीण आहे. पुण्यात्मा न करतांही गेलेल्या माणसावर प्रेम करतां येतें, हें शिकविण्यास याहून चांगला प्रसंग मला माहीत नाहीं.

कोणी म्हणेल, मुलांच्या हातीं असलीं दुःखाचीं पुस्तकें कशाला? आपली परंपरा तर धीर धरावयास सांगते. पण आपली परंपरा काय सांगते तें तरी नीट पाहूं या. १२९६ सालीं आळंदीस ज्ञानदेवांनीं समाधि घेतली. त्या प्रसंगाच्या अभंगांत नामदेवांनीं थोरले बंधु निवृत्तिनाथ यांचा शोक लपविलेला नाहीं. ज्ञानदेवांचे जे गुरु, त्यांनाही धाकट्या भावासाठीं रडूं आलें असें आपण श्रद्धेनें गातों, आणि दहा वर्षांच्या मुलाला मात्र "रडायचें नाहीं" म्हणतों!

आतां पालकांसाठीं दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. पुस्तक औषधासारखें ठराविक दिवशीं पाजूं नये. तें घरांत हाताशीं असावें. मूल मागेल तेव्हां मोठ्या माणसानें त्याच्यासह वाचावें. आणि मूल थांबलें तर आपणही थांबावें. तात्पर्य विचारूं नये. जें पुस्तक मृत्यूला मृत्यु म्हणत नाहीं, तें या कामाला घेऊं नये. आणि ज्यांतलीं भावंडें कधींच भांडत नाहींत, तेंही नको. महत्त्वाचें म्हणजे, गेलेल्या मुलाचें नांव घरांत उच्चारावें. त्याच्या खोड्याही सांगाव्या. आपलें नांवही असेंच एक दिवस घरांतून नाहींसें होईल कीं काय, अशी भीति त्यामुळें मागें राहिलेल्या मुलाला उरत नाहीं. खाणेंपिणें, झोंप, शाळा यांत महिनोनमहिने बिघाड दिसला, तर मात्र पुस्तकावर विसंबून न राहतां डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

त्या मुलानें वार्षिक परीक्षेंत 'माझें घर' या विषयावर निबंध लिहिला. त्यांत एक वाक्य होतें : मला एक बहीण आहे, ती आतां नाहीं. व्याकरणाच्या दृष्टीनें तें वाक्य चुकीचें होतें. मीं त्याखालीं तांबडी रेघ ओढली नाहीं. आणि पुढच्या वर्षापासून त्या रकान्यांत मूल जो आंकडा सांगे, तोच मी लिहीत गेलों. तपासणीस आलेल्या साहेबांनीं त्याबद्दल मला कधीं विचारलें नाहीं.