कोठें तुटावें हें आधीं ठरवावें

वार्षिक परीक्षा संपल्या कीं साताऱ्याच्या माळांवर आणि सांगलीच्या कृष्णाकांठीं मोकळ्या पडलेल्या शेतांत मुलांच्या खेळांना ऊत येतो. त्या खेळांत आतां एका नव्या वस्तूची भर पडली आहे. खऱ्या मोटारीच्या एक-पंचमांश मापाची, सुमारें पाऊण मीटर लांब, बॅटरीसह दहा किलोच्या आसपास वजनाची, आणि दूर उभ्या असलेल्या मुलाच्या हातांतील यंत्राच्या इशाऱ्यानें धांवणारी ही विजेची बिनतारी मोटार. तिची किंमत लाख रुपयांच्या घरांत जाऊं शकते. त्यामुळें पहिल्याच आठवड्यांत ती मोडली म्हणजे घरांत चिंता पसरते, आणि "आतां सगळे भाग धातूचेच बसवूं" असा उपाय कोणीतरी सुचवितो. हा उपाय दिसतो तितका शहाणपणाचा नाहीं.

बिनतारी इशाऱ्यानें वाहन चालविण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें खलाशाविना चालणारी लहानशी नौका लोकांसमोर फिरवून दाखविली होती. खांचखळग्यांतून धांवणाऱ्या बिनतारी मोटारी पुढें जपानच्या तामिया कंपनीनें १९७९ मध्यें लोकप्रिय केल्या. त्या एक-दशांश मापाच्या होत्या. आजची मोठी गाडी त्यांच्या दुप्पट मापाची आहे, आणि मोडतोडीचें मूळ या 'दुप्पट' शब्दांतच दडलेलें आहे.

वस्तूची लांबी, रुंदी व उंची अशीं तिन्ही मापें दुप्पट केलीं म्हणजे तिचें वजन आठपट होतें. परंतु ज्या दांडीवर तें वजन पडतें, तिच्या छेदाचें क्षेत्रफळ चौपटच होतें. भार आठपट आणि बळ चौपट! गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत हें तत्त्व मांडलें, आणि मोठ्या प्राण्यांचीं हाडें प्रमाणाबाहेर जाड कां असावीं लागतात तें त्यावरून समजाविलें. त्यांत वेगाची भर पडते. ताशीं ४० किलोमीटर वेगानें गाडी दगडावर आदळली, तर तो आघात सुमारें ६ मीटर उंचीवरून खालीं टाकल्यासारखा असतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशीं ८० किलोमीटर झाला, कीं ती उंची दुप्पट न होतां चौपट होते. तेव्हां आठमजली इमारतीच्या गच्चीवरून, २५ मीटरांवरून, गाडी फेंकल्यासारखें होतें.

आतां धातूच्या उपायाकडे वळूं. चाक ज्या दांडीच्या आधारानें वर-खालीं होतें तिला आर्म म्हणतात. ती बहुधा नायलॉनची असते. दगडाचा फटका बसला कीं नायलॉन वांकतें आणि पुन्हां सरळ होतें. वांकतांना तें आघाताचा बराच भाग स्वतः गिळून टाकतें. त्या जागीं ॲल्युमिनियमची आर्म बसविली तर लहान फटक्यानें ती ढळत नाहीं, आणि मोठ्या फटक्यानें वांकली तर तशीच राहते. मुख्य म्हणजे तो फटका पुढें गिअरच्या पेटीवर जातो आणि पेटीची भिंत फुटते. स्वस्त भाग वांचला आणि महाग भाग गेला, असा हा व्यवहार होतो.

या जिल्ह्यांना ही गोष्ट परकी वाटण्याचें कारण नाहीं. कुंडलजवळ, तेव्हांच्या औंध संस्थानांतील ओसाड माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. तीच आज सांगली जिल्ह्यांत आहे. लोखंडानें जमीन नासते, असें म्हणणाऱ्या शेतकऱ्यांच्या हातीं लोखंडी नांगर गेला तो अशाच कारखान्यांतून. तो नांगर बैल ओढीत. फाळ खडकाला अडला कीं बैलाच्या खांद्याला तें कळे व तो थांबे. आज उसाच्या रानांत ट्रॅक्टरला जोडलेला रोटाव्हेटर फिरतो. ट्रॅक्टरच्या इंजिनाला दगड कळत नाहीं. म्हणून त्याच्या जोडदांड्यांत पुष्कळदां एक साधा, मुद्दाम कमी बळाचा बोल्ट घातलेला असतो. पातें दगडांत अडकलें कीं बोल्ट तुटतो आणि गिअर वांचतात. कोणी कंटाळून तेथें पोलादी कणखर बोल्ट घातला, तर पुढच्या खेपेस दुरुस्ती थोड्या पैशांत भागत नाहीं.

बिनतारी मोटारीची मजबुती याच विचारानें करावी. कांहीं भाग कणखर हवेत, तर कांहीं नमणारे. दांतेरी चाकें व चाकांकडे शक्ति नेणारे दांडे पोलादी असावेत, बेअरिंग चांगल्या प्रतीचे असावेत, आणि लांब सांगाडा मधोमध वांकूं नये म्हणून त्यास आडवा-उभा आधार द्यावा. उलट आर्म व पुढचा बंपर नायलॉनचेच ठेवावेत. अगदीं कोरडें नायलॉन ठिसूळ असतें. म्हणून पुष्कळ हौशी लोक नवे नायलॉनचे भाग पाण्यांत उकळून घेतात. पाणी शोषल्यानें त्यांचा चिवटपणा वाढतो. सुकाणूच्या मोटरला, म्हणजे सर्व्होला, झटका बसूं नये म्हणून जी स्प्रिंग असते ती काढून टाकूं नये. घसरता क्लच असल्यास तो इतका आवळूं नये कीं तो कधींच घसरणार नाहीं. गाडींतला बोल्ट म्हणजे हींच दोन साधनें होत.

उडी मारून खालीं येणाऱ्या गाडीचा हिशेबही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. एक मीटरवरून पडलेली गाडी स्प्रिंग व तेल भरलेल्या दट्ट्यांच्या साह्यानें १० सेंटिमीटरांत थांबली, तर सांगाड्यावर सरासरी वजनाच्या अकरापट जोर येतो. पांचच सेंटिमीटरांत थांबली तर एकवीसपट. म्हणजे सांगाडा जाड करण्यापेक्षां दट्ट्यांतील तेल व स्प्रिंग वजनास जुळतील अशीं निवडणें अधिक लाभाचें. बॅटरी मोठी बसविली कीं हा मेळ पुन्हां पाहावा लागतो.

सांगलीचा उन्हाळा ४० अंशांच्या आसपास जातो. मोटरच्या पिनियनला, म्हणजे तिच्या लहान दांतेरी चाकाला, दांत अधिक असले तर वेग वाढतो, परंतु मोटर अधिक वीज ओढते व तापते. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकाचें बळ ८० अंशांपलीकडे कायमचें घटूं लागतें. अशा ऋतूंत एक-दोन दांत कमी करणें हीच खरी सुधारणा. साताऱ्याकडील जांभ्या दगडाची बारीक लाल धूळ बेअरिंगांत शिरते, आणि सांगलीची ओली काळी माती चाकांना लपेटून त्यांचें वजन वाढविते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर सफाई चुकवूं नये.

सर्वांत अधिक जपावयाची वस्तु म्हणजे बॅटरी. मोठ्या गाड्यांत लिथियम-पॉलिमरचे आठपर्यंत घट एकापुढें एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेल्या एका घटाचा दाब ४·२ व्होल्ट, म्हणजे आठांचा ३३·६. ती भरतांना कोणीतरी मोठें माणूस जवळ असावें, खालीं जळणारी वस्तु नसावी, आणि फुगलेली बॅटरी पुन्हां कधींही वापरूं नये. खेळून आलेली गरम बॅटरी निवल्याशिवाय भरूं नये. नुसती ठेवावयाची असल्यास दर घट ३·८ व्होल्टांच्या जवळ ठेवावा.

दहा किलोची वेगवान गाडी माणसाचा पाय मोडूं शकते. म्हणून हातांतील यंत्र आधीं सुरू करावें, गाडी मागाहून. बंद करतांना क्रम उलट. गाडी ठोकळ्यावर ठेवून, चाकें अधांतरीं फिरत असतां हातांतील यंत्र एकदां बंद करून पाहावें. मोटर तत्काळ थांबली नाहीं, तर ती गाडी मैदानावर नेण्यास योग्य नाहीं. कासच्या पठारावर तर ती नेऊंच नये. २०१२ पासून जागतिक वारशांत गणलेल्या त्या पठारावरील मातीचा थर पातळ आहे, आणि तेथील फुलांचें जीवन त्या थरावरच अवलंबून आहे.

शेवटीं, एका वेळीं एकच बदल करावा व वहींत टिपून ठेवावा. काय मोडलें, कोणत्या वेगानें, कोणत्या जागीं, हें महिनाभर लिहिलें तर पुढचा सुटा भाग कोणता घ्यावा हें दुकानदारास विचारावें लागत नाहीं. मोडलेल्या भागाला दोष देण्यापूर्वीं, त्यानें आपल्या मागच्या कोणाला वांचविलें, हा प्रश्न मुलानें स्वतःस विचारावा. तेवढें साधलें तर लाखाच्या गाडीचे पैसे वसूल झाले असें समजण्यास हरकत नाहीं.