‘फायर’वरचा हल्ला आणि त्याचा उलटा परिणाम

दीपा मेहता यांचा ‘फायर’ नोव्हेंबर 1998मध्ये भारतात प्रदर्शित झाला. एकत्र कुटुंबातल्या दोन जावांच्या प्रेमाची ही कथा सेन्सॉर बोर्डाने एकही दृश्य न कापता मंजूर केली होती. हिंदी आवृत्तीत फक्त सीता या नायिकेचे नाव बदलून नीता झाले. काही आठवडे चित्रपट विनातक्रार चालला. 2 डिसेंबरला शिवसेनेच्या महिला आघाडीने गोरेगावच्या सिनेमॅक्स चित्रपटगृहात तोडफोड केली, दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रिगलवर हल्ला झाला. असले संबंध हिंदू संस्कृतीत नाहीतच, हा मुख्य आक्षेप. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी आंदोलकांचे जाहीर कौतुक केले.

चित्रपट कोणी पाहिला नसला तरी हा वाद आता वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचला. 7 डिसेंबरला रिगलसमोर निषेधाला जमलेल्यांमध्ये काही स्त्रिया ‘भारतीय आणि लेस्बियन’ असे फलक घेऊन उभ्या राहिल्या. या संबंधांचे अस्तित्वच नाकारणाऱ्यांना हे भर रस्त्यातले उत्तर होते. सोबतच्या काही निदर्शकांनाही ते फलक अवघड वाटले. त्यांच्या मते प्रश्न अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता. त्याच निदर्शनातून लेस्बियन हक्कांसाठी ‘कॅलेरी’ ही मोहीम उभी राहिली. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि फेब्रुवारी 1999मध्ये कापाकापीविना परत आला.

विजय तेंडुलकरांचे समलिंगी नायिकेचे नाटक ‘मित्राची गोष्ट’ 1981मध्येच रंगमंचावर आले होते. पण त्याची चर्चा नाट्यवर्तुळापलीकडे फारशी गेली नाही. ‘फायर’ला ती व्याप्ती हल्लेखोरांनी मिळवून दिली. अमेरिकेतही 1977मध्ये गायिका अनिता ब्रायंट यांनी बायबलचा आधार घेऊन समलिंगींविरुद्ध मोहीम चालवली. फ्लोरिडातल्या डेड काउंटीत त्या जिंकल्या, पण त्यामुळे देशभरचे समलिंगी संघटित झाले.

मात्र तोडफोडीला चळवळीची जननी ठरवणे अतिरेकाचे. ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक 1990पासून निघत होते, ‘हमसफर ट्रस्ट’ 1994पासून काम करत होता. शिवाय विरोध शांतपणे, वकिलांमार्फत आला तेव्हा तो अधिक परिणामकारक ठरला. 2009मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना भारतीय दंड संहितेच्या कलम 377मधून वगळले. त्याविरुद्ध विविध धर्मांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात एकत्र आल्या आणि 11 डिसेंबर 2013 रोजी तो निकाल फिरला. हे संबंध पुन्हा गुन्ह्याबाहेर यायला 6 सप्टेंबर 2018 उजाडावा लागला. समलिंगी विवाहाची मागणी 17 ऑक्टोबर 2023 रोजी फेटाळली गेली, तेव्हा विरोधकांचे म्हणणे प्रतिज्ञापत्रांतून मांडले गेले होते.