रुतलेली गाडी बाहेर काढताना

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात जवळा बाजार हे गाव आहे. या भागातील जमीन काळीभोर. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पावसाळ्यात तीच जमीन पाणी पिऊन फुगते आणि मऊ व चिकट होते. कापूस, सोयाबीन आणि हळद यांना ही माती मानवते. मालाने भरलेल्या ट्रकला मात्र ती मुळीच मानवत नाही. मोंढ्याकडे निघालेला ट्रक समोरच्या वाहनास वाट देण्यासाठी डांबरी रस्त्याखाली उतरतो, आणि एका बाजूची चाके मातीत जातात. चालक अधीर होऊन इंजिनाचा जोर वाढवतो. चाक पुढे सरकत नाही. ते जागच्या जागी फिरून स्वतःसाठीच खड्डा खणते.

बैलगाडी रुतली, तर गाडीवान ओझे उतरवी, चाकापुढची माती उकरी, तेथे दगड व पऱ्हाट्या घाली आणि मगच बैलांना हाक देई. ही जुनी रीत क्रेन आली म्हणून खोटी ठरलेली नाही. माती आधी मोकळी केली म्हणजे ओढण्यास बळ पुष्कळ कमी लागते, आणि बळ जितके कमी, तितका धोकाही कमी.

हा धोका चिखलात नसून दोरात असतो. क्रेनचा पोलादी दोर ट्रकला अडकवून ओढू लागले, की तो किंचित लांबतो आणि त्यात शक्ती साठते. ताणलेला दोर म्हणजे खेचून धरलेली गलोलच होय. तो तुटला अथवा त्याचा आकडा निसटला, तर ती सारी शक्ती एका क्षणात मोकळी होते. मग तुटलेले टोक चाबकासारखे फिरते आणि त्याच्या तडाख्याने माणूस दगावू शकतो. गाडी निघताना पाहण्यास मुले हमखास धावत येतात आणि नेमकी दोराजवळ उभी राहतात! म्हणून जाणता क्रेनचालक प्रथम गर्दी हटवतो. दोराच्या लांबीहून अधिक अंतरावर सर्वांनी राहावे, आणि ताणलेला दोर कोणीही ओलांडू नये. दोराच्या मध्यावर ओले जाड पोते टाकतात. दोर तुटलाच, तर त्या वजनाने त्याची झेप मंदावते.

आकडा बंपरला अडकवीत नाहीत, कारण बंपर उखडून दोराबरोबर उडू शकतो. तो गाडीच्या मजबूत सांगाड्यास, त्यासाठी नेमलेल्या जागी लावतात. ओझे फार असेल, तर रुतलेल्या ट्रकला कप्पी बांधून तिच्यातून दोर परत क्रेनकडे आणतात. मग निम्म्याच्या जवळपास बळ पुरते. दोर मात्र दुप्पट ओढावा लागतो. ओढ सावकाश असावी, हिसका देऊ नये. खुणा एकानेच कराव्यात. परंतु ‘थांबा’ ही हाक कोणाचीही असो, काम तत्काळ थांबते.

ट्रक रस्त्यावर आला आणि तो चालू होत नसेल, तर त्याला ओढून न्यावे लागते. गाडीवाले यास ‘टोचन’ म्हणतात. इंजिन बंद असल्यामुळे मागच्या गाडीचे सुकाणू जड होते आणि ब्रेकवर भरवसा राहत नाही. साध्या दोराने ओढल्यास उतारावर ती पुढच्या गाडीवर आदळते. म्हणून दोन्ही गाड्यांमध्ये लोखंडी दांडा बरा. दोन गाड्यांतील अंतर ५ मीटरपेक्षा अधिक नसावे, असा नियम आहे. गाडी मुक्कामी पोचली, की चाकांच्या पुढेमागे दगडाची उटी लावतात आणि त्यानंतरच दांडा सोडतात.